परत गेलेले ऊन

समजा, तुम्हाला ऊन मोजायचे आहे. ते किती कडक आहे हे नव्हे. ते मार्चमध्ये नशिराबादच्या रस्त्यावर अनवाणी चार पावले टाकली की कुणालाही कळते. तुम्हाला मोजायचे आहे ते असे, की वरून किती आले आणि जमिनीवर पडून परत वर किती गेले. तुमच्यासमोर उघड्या रानात एक लोखंडी नळ रोवला आहे. त्याच्या आडव्या हातावर, पाठीला पाठ लावून, काचेचे दोन लहान घुमट बसवले आहेत. एक आभाळाकडे बघतो, दुसरा मातीकडे. प्रत्येक घुमटाच्या आत एक चकती, तिच्यावर एक काळे आणि एक पांढरे कडे. उन्हात काळे जास्त तापते, पांढरे कमी, आणि त्या फरकामुळे तारेतून अगदी क्षीण वीज वाहते. तार शेजारच्या खोलीत जाते आणि तिथे काटा हलतो.

तुमचे काम काचा पुसण्याचे. सोपे वाटते ना? पण पुसताना वरच्या घुमटावर तुमची सावली पडता कामा नये, नाही तर काटा लगेच उतरतो. खालच्या घुमटासमोर उभे राहता कामा नये, नाही तर तो मातीऐवजी तुमची साडी मोजतो. फडके मऊ आणि कोरडे हवे. शेजारच्या शेतातल्या बकऱ्या कुंपणाबाहेर हव्यात. आणि वरच्या काचेवर साळुंकी येऊन बसली तर तिला दगड मारून हाकलायचे नाही.

नूरबी हे काम दीड वर्ष करत होती.

१९५७ साली आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष सुरू झाले. साऱ्या जगातले शास्त्रज्ञ एकाच वेळी पृथ्वीची मापे घेत होते. त्यातलेच एक छोटे, तात्पुरते केंद्र जळगावजवळच्या नशिराबादच्या बाहेर एका शेताच्या कोपऱ्यात उघडले. तारेचे कुंपण, एक खोली, नळ आणि दोन माणसे, एवढाच त्याचा पसारा. काट्याची नोंद घेणारा जीवराम एदलाबादकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातला, जळगावच्या कॉलेजातून नुकताच बी.एस्सी. झालेला. राखण आणि साफसफाई नूरबीकडे.

त्याआधी नूरबी धाब्यांवर माती टाकायची. नशिराबादेत बरीचशी घरे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. त्या छपरावर दरवर्षी पावसाच्या तोंडी पांढरी खारी माती पसरावी लागते. तिच्यातून पाणी झिरपत नाही. नूरबी आणि तिचा नवरा नासीर ही माती गाढवांवरून आणून घरोघर पसरत. नासीर वारल्यावर गाढवे गेली, पण नूरबी डोक्यावर पाट्या वाहून तेच काम करत राहिली. धाबा कुठे गळणार हे ती खालून छताकडे बघून सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. चुकले तर म्हणायची, "पानी बी कधी कधी रस्ता चुकते."

नव्या कामाचा तिला पहिल्या दिवसापासून संशय होता.

"भाऊ, हे मोजून सरकारले काय भेटते?"

"पृथ्वी किती ऊन घेते आणि किती सोडते ते कळतं, भाभी."

"आन् कळल्यावर कमी करते का सरकार?"

जीवरामला शिकवायची हौस होती. तो नळाच्या सावलीत बसून सांगू लागला. हवेच्या पार वरच्या टोकाला सूर्याचे ऊन येते, ते शंभर वाटे धरू. त्यातले पस्तीसेक वाटे ढग, धूळ, हवा आणि जमीन मिळून तसेच परत पाठवतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उरलेले पासष्ट पृथ्वी घेते, पण ठेवून घेत नाही. गरमीच्या रूपाने ती दिवसरात्र आभाळाला देत राहते. ती गरमी डोळ्यांना दिसत नाही, पण हवेतून वर वर जात शेवटी बाहेर पडते.

"बठ्ठी देऊन टाकते? सगळीच्या सगळी?"

"वर्षाचं धरलं तर जवळजवळ बठ्ठी. नाही दिली तर दरसाल आपण जास्त तापत जाऊ."

"मंग वैशाखात कोन दाबून ठेवते?"

"वैशाखात येतंच इतकं की देणं मागे पडतं. पुढे थंडीत ते फिटतं."

"माहा दीर बी दुकानदाराले असंच सांगते," नूरबी म्हणाली आणि काच पुसायला उठली.

हा दीर म्हणजे हनीफ. भुसावळला राहायचा, रेल्वेच्या गोदामात हमाली करायचा. त्याच्या घरी चार लहान लेकरे होती आणि बायकोची तब्येत बरी नसायची. नूरबीची एकुलती एक मुलगी हमीदा दहा वर्षांची. तिने भुसावळला येऊन लेकरे सांभाळावी, असे त्याचे म्हणणे होते. माणूस वाईट नव्हता. नासीर गेल्यावर वर्षभर त्याने या घरी धान्य पोचवले होते, म्हणून नूरबीला त्याला सरळ नाही म्हणता येत नव्हते. शेवटी दोघांत एक बोली झाली. शाळा चालू आहे तोवर हमीदा नशिराबादेत. शाळा बंद पडली की भुसावळला.

"भाभी, मी काही दुश्मन नाही," हनीफ म्हणाला होता. "पण माझ्या घरी चार पोरं भोकाड पसरतात आणि ही इथं बसून पाढे म्हणते."

"तिला पाढे येतात म्हणून तर तू परवा तिच्याकडून पगार मोजून घेतलास," नूरबी म्हणाली. घरात ते आपल्या दखनीत बोलत. मी ते मराठीत लिहिले आहे.

हमीदा चौथीत होती. एप्रिलात परीक्षा. ती पास झाली की पाचवीत नाव लागणार आणि बोली पुढे चालणार. पण मार्चच्या सुरुवातीला शाळाच बंद पडायची वेळ आली.

शाळेची इमारत एकच. सकाळी मुले, दुपारी मुली. गेल्या पावसाच्या तोंडी जुना धाबा काढून वर उतरते पत्रे घातले होते, नवे म्हणून गावाला त्याचे कौतुक होते. उन्हाळा लागला आणि दुपारी त्या खोलीत बसणे अशक्य झाले. एक मुलगी घेरी येऊन पडली. शाळातपासणीस येऊन गेले आणि सांगून गेले, "मी पंधरवड्यात पुन्हा येतो. हीच स्थिती असेल तर दुपारचा वर्ग पावसाळ्यापर्यंत बंद. परीक्षा पुढच्या वर्षी." मुलींना शिकवणाऱ्या सुनंदाबाई धुळ्याच्या, स्वभावाने करड्या. त्यांनी मुलींना झाडाखाली बसवून पाहिले. पण झाड एकच आणि वर्ग चार.

नूरबीने हे जीवरामला सांगितले. तो म्हणाला, "पत्रा तापणारच."

त्याच आठवड्यात शबे बरात, गेलेल्यांच्या कबरी साफ करायचा सण, आली. हनीफ भावाच्या कबरीला चुना लावायला भुसावळहून आला. नूरबीने कळीचा चुना आदल्या दिवशीच भिजवून ठेवला होता. अंदाज चुकला आणि कबर पांढरी करूनही मोठी बादलीभर चुना उरला. जीवराम दोन दिवस गावी गेला होता. तो परतला की लगेच पुण्याहून यंत्र तपासायला साहेब येणार होते. आपल्याकडे साहेब येणार म्हटले की वाटेच्या कडेचे दगड पांढरे करतात. नूरबीने तेच केले. दगड संपले तरी चुना उरला. मग तिने नळाखालची जमीन चोपून घेतली आणि चांगली दोन खाटांएवढी जागा चुन्याने सारवून काढली.

जीवराम परत आला, खोलीत बसला आणि काटा पाहिला. वरच्या घुमटाचा काटा नेहमीच्या जागी. खालच्याचा काटा चौपट पुढे. त्याने तारा काढून पुन्हा जोडल्या. दोन्ही घुमटांच्या तारांची अदलाबदल करून पाहिली. काट्याच्या पेटीवर टिचकी मारली. यंत्र बिघडले आणि साहेब उद्या येणार, या विचाराने त्याने आणखी दोन टिचक्या मारल्या. मग तो बाहेर आला.

"कसं चकचकीत दिसते?" नूरबी बादली धूत म्हणाली.

"भाभी! हे काय केलं तुम्ही?"

"साहेब येनार नं? दगडं पांढरे केले, चुना उरला. म्हटलं खांबाखाली बी सारवून टाकू. काचेवर धूळ तरी उडनार नाही."

"अहो, खालचा डोळा मातीच मोजतो ना!"

"मंग मोजू द्या की. घान मातीपेक्षा सोच्छ माती मोजलेली काय वाईट?"

"काळी माती शंभरातले बारा-तेरा वाटे परत द्यायची. आता पन्नास दाखवतंय!"

"जास्त भेटू राहिलं, तरी रागावता काहून?"

जीवराम डोक्याला हात लावून खाली बसला. थोड्या वेळाने त्यालाच हसू फुटले, आणि मग त्याने तिला खोलीत नेऊन काटा दाखवला. हे पन्नास वाटे म्हणजे चुन्यावरून उलटे वर गेलेले ऊन, असे त्याने सांगितले.

नूरबी काट्याकडे बघत राहिली. "वर गेलं म्हंजे मातीत घुसलंच नाही?"

"नाही."

ती बाहेर गेली. एक पाय तिने काळ्या मातीवर ठेवला, दुसरा चुन्यावर. मग पाय बदलून पुन्हा तसेच केले. जीवरामने खोलीतून विचारले, काय चालले आहे? तिने तिसऱ्यांदा पाय बदलले.

पुण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी आले. नूरबीला वाटले, नोकरी गेली. साहेबांनी सगळे ऐकून घेतले, चुना लागलेला असतानाच पुन्हा मापे घेतली, तो का लागला याचा शेरा लिहायला सांगितला आणि मग जागा खरवडून वर ताजी काळी माती टाकायला लावली. निघताना नूरबीला म्हणाले, "पुढच्या वेळी आमच्या स्वागताला नुसता चहा पुरे."

ते जाताच नूरबीने विचारले, "भाऊ, शाळेच्या पत्र्यावर चुना मारला तर?"

जीवराम विचारात पडला. पत्रा मातीसारखा काळा नव्हता, चकाकत होता. म्हणजे ऊन परत देतच होता. तरी तो इतका का तापतो? त्याने पुस्तक काढले. कोरा पत्रा थोडेफार ऊन परत देतो हे खरे, पण जे घेतो त्याची गरमी बाहेर सोडायला तो फार कंजूष असतो. चुना ऊन जास्त परत देतो आणि आपली गरमीही आभाळाला मोकळ्या हाताने सोडतो.

"म्हंजे पत्रा हनीफच्या सासऱ्यावानी," नूरबी म्हणाली. "चकचकीत, पन हातातून काही सुटत नाही."

सुनंदाबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "इमारत सरकारी आहे. परवानगी मागितली तर उत्तर पावसात येईल."

"मंग मागू नका, बाई."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. "रविवारी मी धुळ्याला जाते आहे. रविवारी इथे काय होतं ते मला माहीत नाही."

रविवारी नूरबी शिडी लावून चढली. तिने आपल्या धंद्याला धरून काम केले. चुन्यात खारी माती कालवून धाब्यावर देतात तसा जाड, भरपूर थर दिला. सोमवारी दुपारी गरम वारा सुटला आणि थराचे ढलपे निघू लागले. धाबा दिवसभर आहे तेवढाच राहतो. पत्रा उन्हात पसरतो आणि रात्री आकसतो, त्यावर जाड थर टिकत नाही. संध्याकाळपर्यंत निम्मा पत्रा उघडा पडला आणि अंगणात पांढरी भुकटी साचली. घरी जाणाऱ्या मुलींच्या वेण्यांवर ती बसलेली पाहून पोरे ओरडली, "गिरनीतून आल्या! गिरनीतून आल्या!"

हमीदा रडत घरी आली. "अम्मा, उद्यापासून मी जाणार नाही."

"नको जाऊ. हनीफचाचाला सांगते, बैलगाडी पाठव म्हणून."

हमीदा वेणीतला चुना झटकू लागली.

तपासणीस शुक्रवारी येणार होते. बुधवारी जीवराम आणि नूरबी यांनी शाळेच्या मागे पत्र्याचा एक तुकडा ठेवून वेगवेगळी मिश्रणे लावून पाहिली. माती सोडून दिली. पातळ चुना, त्यात सुताराकडचा सरस विरघळवून आणि मूठभर मीठ. पण पत्राच गुळगुळीत, धरून ठेवायला त्याला काही नव्हते. तेव्हा हमीदाच्या वर्गातल्या एका मुलीची आई, कापूस पिकवणाऱ्या घरातली कुंदाबाई, पुढे झाली. तिने विटेचा तुकडा घेतला आणि तवा घासावा तसा पत्रा घासला. त्या खरखरीत जागेवरचा चुना नखाने खरवडला तरी निघेना.

गुरुवारी ऊन उतरल्यावर पाच-सहा आया जमल्या. सगळा पत्रा विटेने घासायचा म्हणजे हातांची सालटी निघायची. जीवराम वर, नूरबी वर, खालून बादल्या. एकदम पातळ असे दोन हात दिले. शिडी कुणी धरली आहे म्हणून नूरबीने वाकून पाहिले तर सुनंदाबाई.

"तुम्ही धुळ्याले नाही गेल्या?"

"गुरुवारी कोण जातं धुळ्याला? खाली बघू नका, पडाल."

शुक्रवारी भर दुपारी तपासणीस आले. जीवरामने खोलीत तापमापक टांगला होता. आधी तिथे चव्वेचाळीस अंश असायचे, आज एकोणचाळीस. कुणी त्याला गारवा म्हणणार नाही. पण मुली बसल्या होत्या आणि गणित चालू होते. तपासणीस खुर्चीवर टेकले, पाणी प्याले आणि तास संपेपर्यंत बसून राहिले. मग बाहेर येऊन वर बघत म्हणाले, "हा पत्रा पांढरा कोणी केला?"

सगळ्या आया अंगणात उभ्या. चुना लागलेले हात पदराखाली.

"ऊन फार आहे, साहेब," सुनंदाबाई म्हणाल्या. "पांढरा पडला असेल."

तपासणीसांनी टोपी काढून कपाळ पुसले. आणखी एकदा वर पाहिले. "परीक्षेपर्यंत चालू ठेवा," एवढे बोलून ते गेले.

हमीदा चौथी पास झाली. सुटीत हनीफ तिला भुसावळला घेऊन गेला आणि जूनमध्ये त्याने बोलीप्रमाणे आणून सोडले. सोडताना म्हणाला, "भाभी, माझ्या खोलीवरही पत्राच आहे. तो चुना कसा करतात?" पावसात शाळेचा बराचसा चुना धुऊन गेला. आता दरवर्षी होळी झाली की आया वीट आणि बादली घेऊन जमतात. परवानगीबद्दल अजून कुणी बोललेले नाही.

भूभौतिक वर्ष १९५८ च्या अखेरीस संपले. केंद्र उठले, नळ उपटून नेला. नूरबी पुन्हा धाब्यांवर जाऊ लागली. जीवराम आता हवामानखात्यात माझ्याबरोबर काम करतो. हे सगळे मला प्रथम त्याच्याकडून कळले. या उन्हाळ्यात आम्ही दोघे नशिराबादला गेलो. नूरबी एका धाब्यावर होती. हमीदा, आता सातवीत जाणारी, खाली पुस्तक घेऊन बसली होती. आम्ही वर गेलो.

मी नूरबीला एक नवी गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी अमेरिकेने सोडलेल्या एका उपग्रहावर काळे आणि पांढरे लहान अर्धगोल बसवले आहेत, असे वाचनात आले होते. तो हवेच्या वरून पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी किती ऊन परत पाठवते, किती गरमी सोडते, हे मोजतो. इतके दिवस सगळे खालून केलेले अंदाज होते. आता वरून मोजणे सुरू झाले आहे. पस्तीस वाटे खरे की खोटे तेही कळेल.

नूरबी हातातली पाटी खाली ठेवून ऐकत होती. मग तिने जीवरामला विचारले, "हवा सरते तिथं रेघ असते का, भाऊ? धाब्याले कशी कड असते, तशी?"

जीवराम म्हणाला, रेघ नसते. वर जावे तशी हवा विरळ होत जाते. दुधात पाणी घालत गेले की दूध कधी संपले ते सांगता येत नाही, तसे.

"मंग शाळेचं सोपं होतं," नूरबी म्हणाली. "पत्र्याच्या खाली खोली, वर आभाळ. पत्र्यावरून उलटलं ते गेलं, खाली उतरलं ते आलं. पन पृथ्वीले पत्राच नाही. थोडं ऊन खालच्या हवेतून माघारी फिरते, थोडं पार वरच्या पातळ हवेतून. मंग आलं आन् गेलं हे कुठं उभं राहून मोजायचं? पृथ्वीचं छप्पर नेमकं कुठं धरता तुम्ही?"

जीवरामने माझ्याकडे पाहिले. मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. आम्ही उतरू लागलो तेव्हा ती वरून हमीदाला हाक मारून विचारत होती, तुझ्या पुस्तकात काही दिलंय का, हवेचं छप्पर कुठं धरतात?